काढा, चूर्ण आणि सकाळच्या चार गोळ्या

प्रश्न : आदरणीय डॉक्टरताई, मी ७१ वर्षांचा निवृत्त प्राथमिक शिक्षक. कऱ्हाडजवळच्या गावी राहतो. गेल्या पावसाळ्यात कंबर धरली. शेतातल्या कामाने असेल म्हणून महिनाभर शेक घेतला. पुढे तपासण्या झाल्या. पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी) १८६ निघाला, तुकडा तपासला, हाडांचा स्कॅन झाला. प्रोस्टेटचा कर्करोग, मणक्यात आणि खुब्याच्या हाडात गेलेला. आता दर तीन महिन्यांनी पोटात इंजेक्शन असते. रोज सकाळी अबिरॅटेरॉनच्या चार गोळ्या आणि प्रेडनिसोलोनची एक. दिवाळीच्या तपासणीत पीएसए १.४ होता, शिमग्याच्या आधी ०.९ आला.

घरातल्या प्रत्येकाने माझ्यासाठी काहीतरी आणले आहे. मुलगा बंगळुरूला असतो, त्याने 'प्रोस्टेटसाठी' म्हणून मिळणारी बाटली पाठवली. तिच्यावर सेलेनियम २०० मायक्रोग्रॅम, व्हिटॅमिन ई ४०० युनिट, झिंक, सॉ पाल्मेटो, लायकोपीन असे लिहिले आहे. जावयाने हळदीच्या कॅप्सूल दिल्या, त्यात मिऱ्याचा अर्क आहे. पुतण्याने संक्रांतीनंतर एका माणसाकडून चूर्ण आणले, पुडीवर काही लिहिलेले नाही, अश्वगंधा आणि शिलाजीत आहे एवढे तो सांगतो. ते सुरू केल्यापासून भूक वाढली आणि कंबर दुखायची जवळजवळ थांबली. पुतण्या म्हणतो, पीएसए उतरला तो चूर्णाने. शेजाऱ्यांनी लक्ष्मणफळाची पाने वाळवून दिली आहेत. कोरोनापासून आमच्याकडे रोज गुळवेल आणि ज्येष्ठमधाचा काढा होतो. गोळ्या मी त्या काढ्याबरोबर घेतो आणि लगेच कपभर दूध, कारण उपाशीपोटी एवढ्या गोळ्या घेतल्या तर पोटात आग पडेल अशी सौ.ला भीती वाटते. व्हिटॅमिन डीची ६० हजारांची पुडी दर रविवारी, वर्षभर.

थकवा फार आहे. रात्री घामाने सदरा भिजतो. घोट्यांना सूज येते, आणि बीपीची गोळी मागच्या महिन्यात वाढवावी लागली. यातले काय चालू ठेवू? कर्करोगाच्या डॉक्टरांना यातले काही सांगितलेले नाही. ते रागावतील.

उत्तर : गुरुजी, नमस्कार. तुम्ही सगळं इतकं नीट लिहिलंत, मात्रांसकट, की मला उत्तर देणं सोपं झालं. हेच पत्र, जसंच्या तसं, तुमच्या कर्करोगतज्ज्ञांच्या टेबलावर ठेवा. मी इथे बसून तुम्हाला तपासू शकत नाही, ते तपासू शकतात. पण पुढच्या तारखेची वाट बघू नका, कारण तुमच्या पत्रातली एक गोष्ट याच आठवड्यात बघायला हवी.

ती म्हणजे काढा. गुळवेलीकडे नंतर येते, आधी ज्येष्ठमध. अबिरॅटेरॉन शरीरात पुरुषी हार्मोन तयार होण्याची वाट अडवते, वृषणातली आणि मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथीतलीही. ती वाट अडली की ॲड्रिनल ग्रंथीत मीठ-पाणी धरून ठेवणारे हार्मोन जास्त साठतात. त्यातून रक्तदाब वाढतो, पायांवर सूज येते आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. हे आवरण्यासाठीच सोबत प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडची गोळी, दिलेली असते. आता ज्येष्ठमध काय करतं बघा. त्यातलं ग्लिसरायझिन मूत्रपिंडातल्या एका एन्झाइमला रोखतं आणि शेवटी परिणाम तोच होतो : रक्तदाब वर, सूज, पोटॅशियम खाली. म्हणजे औषधाचा जो त्रास आवरायला तुम्ही प्रेडनिसोलोन घेता, तोच त्रास काढा रोज सकाळी वाढवतो. तुमचे घोटे सुजले, बीपीची गोळी वाढली, त्यामागे हेच असेल असं मी पत्रावरून ठामपणे म्हणणार नाही. पण पोटॅशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि रक्तदाब लगेच तपासून घ्या. पोटॅशियम फार उतरलं तर स्नायू लुळे पडल्यासारखे होतात आणि हृदयाचे ठोके बिघडतात. तुमच्या थकव्यातला काही भाग त्याचाच असू शकतो. ज्येष्ठमध आजपासून बंद. खोकल्यासाठी चघळायची काडीसुद्धा नको.

आता दूध. अबिरॅटेरॉन उपाशीपोटी घ्यायची असते ती काही उगाच घातलेली अट नाही. पोटात अन्न असेल, त्यातही तुपादुधाचं, तर ही गोळी कितीतरी पट जास्त शोषली जाते. भरपूर स्निग्ध जेवणाबरोबर रक्तातलं औषध दहा पटीपर्यंत वाढल्याचं कंपनीच्या माहितीपत्रकातच आहे. एके दिवशी दूध घेतलं, दुसऱ्या दिवशी एकादशीचा उपास, तर शरीराला रोज वेगळीच मात्रा मिळते. गोळीच्या आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही, फक्त पाणी. काकूंची भीती खरी आहे, पण ती दुसऱ्या गोळीबद्दल असायला हवी. प्रेडनिसोलोन पोटात काही असतानाच घ्यायची. तेव्हा असं करा : पहाटे उठल्यावर चार गोळ्या पाण्याबरोबर, नंतर फिरून या, अंघोळ उरका, तासाभराने न्याहारी आणि न्याहारीबरोबर प्रेडनिसोलोन. दूध त्या वेळी प्या. (काही रुग्णांना डॉक्टर मुद्दाम अबिरॅटेरॉनची एकच २५० मिलिग्रॅमची गोळी न्याहारीबरोबर देतात, खर्च कमी व्हावा म्हणून. ती पद्धत वेगळी आहे आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची. हे वाचून कोणी चारची एक करू नये.)

पुतण्याच्या चूर्णाबद्दल मला काळजी वाटते. तारखा तुमच्याच पत्रात आहेत. दिवाळीला पीएसए १.४ वर आला होता, चूर्ण आलं संक्रांतीनंतर. १८६ चा १.४ झाला तेव्हा चूर्ण घरात नव्हतं. ते काम इंजेक्शनचं आणि गोळ्यांचं. पुरुषी हार्मोन तोडला की हा कर्करोग आक्रसतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं आणि १९६६ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. तुमचं आजचं सगळं औषध त्याच एका गोष्टीवर उभं आहे. पुतण्याला हे प्रेमानं सांगा, पण सांगा.

आणि भूक वाढली, दुखणं थांबलं, हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं, पण पुडीवर नाव नाही म्हटल्यावर पहिली शंका येते ती स्टेरॉइडची. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड आणि वेदनाशामक मिसळलेलं आपल्याकडे वारंवार सापडलं आहे. तुम्ही आधीच प्रेडनिसोलोनवर आहात. त्यात लपलेलं स्टेरॉइड आणखी पडलं तर साखर, रक्तदाब आणि हाडं, तिन्हींवर त्याचा भार येतो. लपलेलं वेदनाशामक मूत्रपिंडाला जड जातं. प्रोस्टेटच्या रुग्णांचं याहून मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. पीसी-स्पेस नावाच्या कॅप्सूल तिथे १९९० च्या दशकात फार खपल्या. आठ वनस्पतींचं मिश्रण असं वर लिहिलेलं. पीएसए खरोखर उतरायचा, त्यामुळे डॉक्टरांनीही त्यावर अभ्यास सुरू केले. मग तपासणीत त्यात डायइथाइलस्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम स्त्री-हार्मोन, रक्त पातळ करणारं वॉरफरिन आणि इंडोमेथॅसिन हे वेदनाशामक सापडलं. २००२ मध्ये ते बाजारातून काढलं गेलं. 'आठ वनस्पती' वाचून घेणाऱ्या माणसाला आपण रोज काय गिळतोय याची कल्पनाच नव्हती. तुमच्या पुडीवर तर तेवढंही लिहिलेलं नाही.

समजा पुतण्या म्हणतो तेच त्यात आहे, अश्वगंधा आणि शिलाजीत. तरीही तुमच्यासाठी नको. ज्या लोकांना ही औषधं 'ताकदीसाठी' विकतात, त्यांना काय हवं असतं? पुरुषी हार्मोन वाढायला हवा असतो. अश्वगंधेच्या काही छोट्या अभ्यासांत टेस्टोस्टेरॉन आणि ॲड्रिनल ग्रंथीतलं डीएचईए-एस हे हार्मोन थोडं वाढलेलं दिसलं आहे. निरोगी माणसाला त्याचं काही वाटणार नाही. तुम्ही मात्र तोच हार्मोन शून्याजवळ नेण्यासाठी दर तीन महिन्यांनी पोटात सुई टोचून घेता. गोखरू, सफेद मुसळी, 'पौरुष' असं काही लिहिलेल्या सगळ्या डब्यांना हेच लागू. चूर्ण थांबवताना मात्र डॉक्टरांना आधी कळवा, कारण त्यात स्टेरॉइड असेल तर ते अचानक बंद केल्यावर चक्कर, मळमळ, गळाल्यासारखं होऊ शकतं. प्रेडनिसोलोन स्वतःहून एकही दिवस चुकवू नका.

मुलाच्या बाटलीवरची मात्रा वाचून मी थबकले. सेलेनियम २०० मायक्रोग्रॅम, व्हिटॅमिन ई ४०० युनिट : नेमक्या याच मात्रेचा अभ्यास २००१ पासून अमेरिकेत आणि कॅनडात झाला, 'सिलेक्ट' नावाचा. ३५ हजारांहून जास्त पुरुष त्यात होते, कोणालाच कर्करोग नव्हता, आणि या गोळ्यांनी प्रोस्टेटचा कर्करोग टळेल अशी आशा होती. २००८ मध्ये गोळ्या थांबवल्या, कारण फायदा दिसेना. २०११ मध्ये पुढचे आकडे आले : नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त. तुम्हाला आजार आधीच आहे, त्यामुळे तो आकडा तुम्हाला तसाच लावता येत नाही. पण ज्या गोळीनं धडधाकट माणसांचं भलं झालं नाही, ती तुम्ही कशासाठी घ्यायची? सॉ पाल्मेटो लघवीच्या तक्रारीवर खपतं, त्याच्या मोठ्या चाचण्यांत ते औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरलं नाही. लायकोपीन टोमॅटोत असतं, शिजवलेल्या टोमॅटोतून ते चांगलं मिळतं, तेव्हा टोमॅटोचं सार करा. बाटली परत पाठवा आणि मुलाला सांगा, त्या पैशांतून घरी रक्तदाब मोजायचं यंत्र पाठव.

हळद भाजीत, आमटीत, दुधात घाला, काही हरकत नाही. कॅप्सूलमधला अर्क वेगळा. मिऱ्याचा अर्क घातला की हळदीतलं करक्युमिन कितीतरी जास्त शोषलं जातं, जाहिरात तीच असते. पण मिऱ्यातलं पिपेरिन इतर औषधांचं शोषण आणि निचराही बदलू शकतं. आणि अशा कॅप्सूलनी यकृताला सूज आल्याचे रुग्ण अनेक देशांत नोंदले गेले आहेत. गुळवेलीबाबत तेच म्हणते. २०२० च्या अखेरीस आलेल्या, गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, वनस्पतीची नीट तपासणी झाली नाही असं त्यांचं म्हणणं होतं. तो वाद तिथे राहू दे. तुमच्यासाठी मुद्दा वेगळा आहे, आणि माझ्या मते तुमच्या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा.

अबिरॅटेरॉन स्वतःच यकृतावर परिणाम करू शकते. म्हणून सुरुवातीचे तीन महिने दर पंधरा दिवसांनी आणि पुढे महिन्याला एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी बघतात. उद्या तुमचं एसजीपीटी पाचपट आलं तर डॉक्टर काय करतील? त्यांना काढा माहीत नाही, कॅप्सूल माहीत नाही, चूर्ण माहीत नाही. त्यांना एकच संशयित दिसेल, आणि ते अबिरॅटेरॉन थांबवतील. ज्या गोळीनं पीएसए १८६ वरून एकच्या खाली आणला ती जाईल, आणि जिच्यामुळे यकृत सुजलं ती वस्तू स्वयंपाकघरात तशीच राहील. अशा रुग्णाला मी पाहिलं आहे. गुरुजी, हे तुमच्या बाबतीत होऊ नये असं मला मनापासून वाटतं. आज तुमचं औषध लागू पडतंय. ते जितकी वर्षं लागू पडेल तितकी ते निर्विघ्न मिळायला हवं.

लक्ष्मणफळाची पानं नकोत. कॅरिबियन बेटांवर, ग्वाडेलूपमध्ये, हे फळ आणि पानांचा चहा नेहमी घेणाऱ्यांत कंपवातासारखा मेंदूचा आजार जास्त आढळला आणि त्यातल्या ॲनोनासिन या द्रव्यावर संशय आहे. प्रोस्टेटच्या रुग्णाला त्याचा फायदा झाल्याचा भरवशाचा पुरावा नाही. कोणी जर्दाळूच्या बियांतला कडू गर किंवा 'बी-१७' या नावानं त्याची गोळी आणून दिली तर तेही नको, त्यातून पोटात सायनाइड तयार होतं.

मग काही घ्यायचंच नाही का? घ्यायचं. हार्मोन तोडणाऱ्या उपचारानं हाडं विरळ होतात, वर प्रेडनिसोलोन आहे आणि तुमच्या मणक्यात आजार आहे. म्हणून कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी ही तुमची खरी गरज. कॅल्शियम दिवसाला अन्नासकट १००० ते १२०० मिलिग्रॅम, त्याहून जास्त नको. मोठा कप दूध, म्हणजे २०० मिलिलिटर, सुमारे २४० देतं. १०० ग्रॅम नाचणी साडेतीनशेच्या आसपास. दही, तीळ धरून बेरीज करा आणि उरलेलं तेवढंच गोळीतून घ्या, जेवणाबरोबर. व्हिटॅमिन डी साधारण ८०० ते १००० युनिट रोज पुरतं. तुमची रविवारची पुडी म्हणजे दिवसाला सुमारे साडेआठ हजार. कमतरता भरून काढायला ती सहसा आठ आठवडे देतात, मग थांबवतात किंवा महिन्यावर नेतात. वर्षभर चालली म्हणजे चिठ्ठीवर कधी थांबवायचं ते कोणी लिहिलं नसावं. रक्तातलं कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी तपासून घ्या, तोवर पुडी थांबवा. हाडांसाठी झोलेड्रोनिक ॲसिड किंवा डेनोसुमॅब द्यायचं ठरलं तर त्याआधी दात दाखवून घ्या आणि काढायचा दात आधीच काढा. या औषधांवर असताना दात उपटला तर जबड्याचं हाड भरून यायला त्रास होतो.

थकव्यावर बाटलीतल्या कशाहीपेक्षा व्यायामाचा पुरावा जास्त भक्कम आहे. हे वाचून नवल वाटेल, थकलेल्या माणसाला चालायला कसं सांगता म्हणून. पण या उपचारात स्नायू झडतात, आणि ते फक्त वापरल्यानंच टिकतात. मणक्याचा ताजा एमआरआय दाखवून डॉक्टरांना विचारा, किती चालू, काय उचलू नको. परवानगी मिळाली की सकाळी बांधावरून सपाट वाटेनं चाला, आणि घरी खुर्चीतून हात न टेकता उठायचं-बसायचं, दहा वेळा, दिवसातून दोनतीनदा. वाकून पोतं, घागर उचलायची नाही. प्रथिनं वाढवा : मटकीची उसळ, पिठलं, दही, चालत असेल तर रोज दोन अंडी. घामासाठी वेगळी औषधं आहेत, त्याबद्दल डॉक्टरांकडे तक्रार करा. पुरुष ते सांगायला लाजतात आणि वर्षभर रात्री जागून काढतात.

काकूंना काढा बंद म्हटलं तर वाईट वाटेल. कोरोनाच्या दिवसांपासून त्या हातानं कुटून करतायत. त्यांना सांगा, आता त्यांच्याकडे जास्त मोठं काम आहे : पहाटेच्या गोळीनंतर तासभर कोणाला काही खायला देऊ द्यायचं नाही, नाचणीचं आंबील करायचं आणि सकाळ-संध्याकाळ रक्तदाबाचा आकडा वहीत लिहायचा. न्याहारीबरोबर आल्याचा चहा चालेल. लक्ष्मणफळ देणारे शेजारी तुम्हाला रोज फिरायला नेतील का, विचारून बघा.

डॉक्टर रागावतील ही भीती मला समजते. ओपीडीत गर्दी असते, तुमच्या वाट्याला पाच मिनिटं येतात, त्यात तोंडानं सांगू गेलात तर राहून जाईल. एक पिशवी घ्या. बाटली, पुडी, कॅप्सूल, पानं, ज्येष्ठमधाची काडीसुद्धा, सगळं तिच्यात घाला, आणि खुर्चीवर बसल्या बसल्या म्हणा, "डॉक्टर, मी हे सगळं घेत होतो. यातलं माझ्या गोळीच्या आड काय येतं?" रागावले तर रागावू देत. पुढे एखाद्या शिकलेल्या वैद्यांकडे गेलात तर त्यांनाही अबिरॅटेरॉनचं नाव दाखवा आणि प्रत्येक द्रव्य चिठ्ठीवर लिहून मागा. लिहून द्यायला जो नकार देईल त्याचं औषध घेऊ नका.

प्रश्न : माझे यजमान ७६ वर्षांचे आहेत. प्रोस्टेटचा कर्करोग मणक्यात आहे. निसर्गोपचार करणाऱ्या एकाने इंजेक्शन सोडून रसाहारावर राहायला सांगितले, म्हणून या वेळचे इंजेक्शन घेतलेले नाही. चार दिवसांपासून पाय बधिर वाटतात आणि उठताना गुडघे वळतात. रसाने अशक्तपणा येत असेल का? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : हे पत्र हाती पडलं त्याच दुपारी संपादकांनी पत्र लिहिणाऱ्या ताईंना दूरध्वनी केला आणि यजमानांना तेव्हाच रुग्णालयात न्यायला सांगितलं. एमआरआयमध्ये मज्जारज्जूवर दाब निघाला. स्टेरॉइड आणि रेडिएशन सुरू झालं, इंजेक्शनही दिलं गेलं. हा मजकूर लिहीत असताना ते वॉकर धरून खोलीत चालतात. ताईंच्या परवानगीनं छापते आहे, कारण हा आजार मणक्यात असलेल्या प्रत्येक घराला हे माहीत हवं : पायात नव्यानं बधिरपणा किंवा लुळेपणा, लघवी अडणं किंवा कळत नाही तशी होणं, कंबरेत पट्टा आवळल्यासारखी वाढती वेदना, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, एमआरआयची सोय असलेल्या रुग्णालयात जायचं. पाय पूर्ण लुळे पडल्यावर गेलं तर ते परत चालू होण्याची शक्यता फार कमी होते.

रसाबद्दल विचारलंत. अशक्तपणा रसानं आला नव्हता. पण नुसत्या रसावर ठेवलेल्या माणसाला प्रथिनं मिळत नाहीत, तेव्हा तेही थांबवा आणि त्यांना वरणभात द्या. इंजेक्शनची पुढची तारीख कॅलेंडरवर लाल शाईनं लिहून ठेवा.